गांवची राखण आणि गांवची पट्टी

तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेंत मध्यरात्रीनंतर फेरी मारावी. काठी आपटीत, शिटी वाजवीत, दुकानांचीं कुलुपें ओढून पाहत जाणारा गुरखा हमखास भेटतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत हाच मनुष्य वही घेऊन दुकानोदुकानीं उभा राहतो. कोणी ठरलेले रुपये त्याच्या हातावर ठेवितो, कोणी निम्मे देतो, कोणी 'पुढच्या आठवड्यांत ये' म्हणून वाटेस लावितो. या माणसास कोणीं नेमिलें, त्याचा पगार कोणीं ठरविला, तो आजारी पडल्यास त्या रात्रीं पेठ कोण राखील, आणि चोरट्याच्या हातून त्याचें डोकें फुटल्यास औषधाचा खर्च कोणाच्या नांवें पडेल, हे प्रश्न आमच्या व्यापारी मंडळींस विचारिले तर बहुतेकांस उत्तर देतां येणार नाहीं. जे लोक तागडींतल्या मासा-रतीचा हिशेब चुकूं देत नाहींत, त्यांनींच आपल्या सगळ्या मालाची राखण अशी बेहिशेबी चालवावी हें आम्हांस मोठें चमत्कारिक वाटतें.

खेड्यांतील प्रकार याहून निराळा, पण बरा मुळींच नाहीं. तेथें चोरांची हूल उठली म्हणजे चार-आठ दिवस तरुण मंडळी काठ्या घेऊन रात्रभर जागतात, शेकोट्या पेटतात, अफवांस ऊत येतो. आणि मग पेरणी किंवा सुगी लागली कीं गस्त आपोआप बंद पडते. दिवाबत्तीसाठीं गांव कर देतें, नळाच्या पाण्यासाठीं पट्टी देतें, त्या खर्चावर ग्रामसभेंत वादही घालितें. रात्रीच्या राखणीचा मात्र ठराव नाहीं, जमाखर्च नाहीं, नेमणूक नाहीं. आणि जबाबदारी तर नाहींच नाहीं. राखण हेंही दिव्यापाण्यासारखेंच सार्वजनिक काम आहे, तें कसें करावयाचें हें गांवानें उघडपणें ठरवावें आणि त्याचा खर्च उघडपणें व ऐपतीप्रमाणें वांटून घ्यावा, असें आमचें मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पोलीस ठेवणें हें सरकारचें काम. त्यासाठीं आम्ही कर भरितों. मग पुनः पट्टी कशाला? या आक्षेपांत जें तथ्य आहे त्याचा विचार आम्ही पुढें करूं. परंतु त्याच्या मुळाशीं, पूर्वीं गांवास राखणीसाठीं कांहीं द्यावें लागत नव्हतें, अशी जी समजूत आहे ती अगदीं चुकीची आहे. आमचीं गांवें राखणीचा खर्च पिढ्यान् पिढ्या करीत आलीं आहेत. तो कोणाच्या अंगावर पडत होता हें मात्र आम्ही सोयीस्करपणें विसरलों आहों.

पेशवाई बुडाल्यावर, १८१९ सालीं, एल्फिन्स्टन साहेबांनीं जिंकलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल लिहिला त्यांत गांवच्या बंदोबस्ताची ही जुनी व्यवस्था वर्णिलेली आहे. पाटील हा गांवचा मुख्य. त्याच्या हाताखालीं चौगुला व कुळकर्णी. आणि प्रत्यक्ष जागरण करणारा, वेशीवर बसणारा, आल्यागेल्याची खबर ठेवणारा तो महार. कांहीं भागांत हेंच काम भिल्ल किंवा रामोशी करीत. चोरी झाल्यास जागल्यानें चोराच्या पावलांचा माग शिवेपर्यंत काढून दाखवावा, तेथून पुढच्या गांवच्या जागल्यानें तो हातीं घ्यावा, आणि ज्या गांवच्या हद्दींत माग हरवेल त्या गांवानें चोर तरी हजर करावा नाहीं तर नुकसान तरी भरून द्यावें, असा रिवाज होता. या रिवाजांत एक मोठें शहाणपण होतें. चोरी हा एकट्या घरधन्याचा तोटा न राहतां सबंध गांवाचा तोटा होई, आणि त्यामुळें राखणींत कुचराई करणें गांवास परवडत नसे.

पण या शहाणपणाची किंमत कोण देत होता? महाराला त्याबद्दल इनामाचा एक तुकडा आणि खळ्यावरचें बलुतें मिळे. इनामाचे तुकडे वांटण्या होतां होतां चिंधीएवढे झाले. बलुतें द्यावयाचें कीं नाहीं, किती द्यावयाचें, पेंढी कोणती द्यावयाची हें कुणब्याच्या मर्जीवर. उलट कामास मर्यादा नाहीं. रात्र नाहीं, दिवस नाहीं, पाऊस नाहीं. घरांतील कर्ता आजारी असल्यास दुसऱ्यानें जावें. सरकारी कामगाराचें टपाल व सामान पोंचवावें तें निराळेंच. म्हणजे गांवाची राखण होत होती हें खरें, पण तिचा बोजा जन्मानें एका जातीवर लादलेला होता, आणि तिचें वेतन हक्क म्हणून न मिळतां भीक म्हणून मिळत होतें. डॉ. आंबेडकर यांनीं १९ मार्च १९२८ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत वतन कायदा सुधारण्याचें बिल आणिलें, त्याचें मर्म हेंच होतें. बलुत्याऐवजीं रोख पट्टी बसवावी आणि ती सरकारी साऱ्याबरोबर वसूल व्हावी, ज्यास वतन नको असेल त्यास पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवून मोकळें होतां यावें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सरकारनें विरोध केला, कौन्सिलांतील सभासदांनींही केला, आणि १९२९ सालीं तें बिल परत घ्यावें लागलें. हीं कनिष्ठ वतनें शेवटीं नष्ट झालीं तीं १९५८ च्या कायद्यानें. तीस वर्षें! गांवास राखण हवी होती. राखणदाराला रोख पगार देण्याची वेळ आली कीं मात्र गांव, सरकार आणि कौन्सिल या तिघांचाही हात आंखडत होता.

रामोशांची कथा याहून विलक्षण. राखणीचे त्यांचे जुने हक्क गेल्यानें जो असंतोष माजला त्यांतून उमाजी नाइकांचें बंड उभें राहिलें, आणि १८३२ सालीं त्यांस फांशी देण्यांत आलें. पुढें पुण्याच्या बंगल्यांवर रामोशी ठेवण्याची चाल पडली. रामोशी दारांत असला म्हणजे चोरी होत नाहीं, असें मालक मंडळी हंसत हंसत सांगत. या हंसण्याचा अर्थ असा कीं ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्यावरच पहिला संशय. रामोशी हें नांव सरकारच्या विमुक्त जातींच्या यादींत आजही आहे. १८७१ पासून एकामागून एक झालेल्या कायद्यांनीं ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारिला, त्यांस १९५२ सालीं तो शिक्का पुसला गेल्यावर विमुक्त म्हणूं लागले. जे पिढीजाद राखणदार, तेच पिढीजाद चोर ठरले. आमच्या पेठेंतील गुरख्याकडे पाहावें. चोरी झाल्यावर ठाण्यावर पहिल्यांदा कोणास बोलावितात हें दुकानदारांनीं आपल्याच मनास विचारावें.

आतां सरकारच्या बाजूकडे वळूं. गांवानें न ठरवितां सरकारनें ठरविलें आणि खर्च मात्र गांवाच्या माथीं मारिला, असाही प्रकार या देशांत पुष्कळ झाला. १८६१ च्या पोलीस कायद्यानें अशांत भागांत जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून घेण्याची मुभा होती. मुंबई इलाख्यांत हीच रीत होती, आणि रँड साहेबांच्या खुनानंतर १८९७ सालीं पुणें शहरानें तिची चव घेतली. बंगाल्यांत १८७० च्या कायद्यानें चौकीदाराच्या पगारासाठीं गांवांवर कर बसला. तो वसूल करणारे पंच गांवानें निवडलेले नव्हते, मॅजिस्ट्रेटानें नेमलेले होते. १९३० सालीं बिहारांतील लोकांनीं कायदेभंगासाठीं नेमका हाच चौकीदारी कर कां निवडला, याचा उलगडा त्यावरून होतो.

परंतु या प्रकरणीं सर्वांत बोलका दाखला आमच्या शेजारच्या गुजराथेंतील, खेडा जिल्ह्याच्या बोरसद तालुक्याचा आहे. तेथें १९२३ च्या सुमारास बाबर देवा नांवाच्या दरोडेखोरानें उच्छाद मांडिला होता. दिवस मावळला कीं लोक दारें लावून आंत बसत. मुंबई सरकारनें जादा पोलीस आणिले आणि त्यांच्या खर्चासाठीं प्रत्येक सज्ञान माणसावर दोन रुपये सात आणे असा कर बसविला. दोन लाख चाळीस हजारांवर रक्कम उभी करावयाची होती. सरकारचें म्हणणें असें कीं गांवकरी दरोडेखोरांस आंतून मदत करितात, माहिती देत नाहींत, सबब ही शिक्षा. लोक त्या करास हैडिया वेरो म्हणत. वल्लभभाई पटेल यांनीं प्रथम काय केलें? सभा भरविण्यापूर्वीं चौकशी केली. मोहनलाल पंड्या व रविशंकर महाराज गांवोगांव फिरले, जबान्या घेतल्या, आणि जें बाहेर आलें तें भयंकर होतें. एका दरोडेखोरास धरण्यासाठीं पोलिसांनीं अलिया नांवाच्या दुसऱ्या दरोडेखोराशीं संधान बांधिलें, त्यास हत्यारें पुरविलीं, आणि त्या हत्यारांनीं त्यानें लूटच चालविली, असा उघड आरोप वल्लभभाईंनीं केला. म्हणजे जे लुटले गेले त्यांनींच लुटीच्या हत्यारांचा खर्च भरावयाचा!

कर देऊं नका, एवढेंच सांगून वल्लभभाई थांबले नाहींत. स्वयंसेवक गांवोगांव ठेविले, लोकांनीं भीति टाकून दारें उघडीं ठेवावीं, आपलें गांव आपण राखावें, असा उपदेश केला. याच गोष्टीमुळें त्या लढ्यास बळ आलें असें आम्हांस वाटतें. नुसता कर नाकारणाऱ्यास कंजूष म्हणतां येतें. स्वतः रात्रभर जागून कर नाकारणाऱ्यास तसें म्हणतां येत नाहीं. नवे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनीं आपल्या गृहखात्याच्या सभासदास चौकशीस धाडिलें, आणि जानेवारी १९२४ मध्यें तो कर रद्द झाला. जादा पोलिसांचा खर्च सरकारनें आपल्या तिजोरींतून करावा असें ठरलें.

बोरसदच्या लोकांनीं राखणीचा खर्च नाकारिला असें म्हणणें बरोबर नाहीं. त्यांनीं स्वतः न ठरविलेला, शिक्षा म्हणून लादलेला, आणि ज्याचा हिशेब मागतां येत नाहीं असा खर्च नाकारिला; पहारा मात्र हौसेनें दिला. 'मग पुनः पट्टी कशाला' असें विचारणाऱ्या आमच्या मित्रांस आम्ही हाच भेद दाखवूं इच्छितों. तपास करणें, धरपकड करणें, खटला भरणें हें सरकारचें काम आहे, आणि त्यासाठीं गांवानें एक पैसाही वेगळा देऊं नये. परंतु गल्लींतल्या दिव्याखालीं रात्रीं दोन वाजतां कोण उभा आहे हें पाहणें, दाराची कडी उघडी राहिली तर घरधन्यास हांक मारणें, आग दिसतांच ओरडणें, हें काम दहा कोसांवरच्या ठाण्यास कधींही साधणार नाहीं. महाराष्ट्रांत खेडीं चाळीस हजारांहून अधिक. एकेका ग्रामीण ठाण्याकडे पन्नास-साठ गांवें असणें हें नवल नव्हे. आणि पोलीस पाटील? १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानें तो वतनदार राहिला नाहीं, सरकारनें नेमलेला मानधनी सेवक झाला. २०२४ सालीं त्याचें मानधन दरमहा १५ हजार करण्याचा निर्णय झाला, तो योग्यच होता. पण पाटील खबर देणारा आहे. तो एकटा रात्रभर गांव कसें राखणार?

कायद्यांत वाट नाहीं असेंही नाहीं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यास जोडलेली पंचायतीच्या कामांची यादी पाहावी. गांवाची व पिकांची राखण हें काम तींत स्पष्ट लिहिलेलें आहे, आणि त्या राखणीचा खर्च पंचायतीनें विहित रीतीनें गांवांतील लोकांकडून वसूल करावा असेंही लिहिलेलें आहे. पोलीस कायद्यांत ग्रामरक्षक दलाची सोय आहे. दारूचें दुकान बंद करावयाचें तर गांवांतील चतुर्थांश स्त्री मतदारांनीं मागणी केल्यावर मतदान घेण्याची रीत २००८ च्या आदेशानें घालून दिली, आणि आमच्या भगिनींनीं बाटली आडवी करून ती गाजविली. पंजाबांत तर १९१८ पासून खेड्यांच्या व लहान शहरांच्या पहाऱ्याचा स्वतंत्र कायदा होता. खापऱ्यांनीं चिठ्ठ्या टाकून पाळी ठरविण्याची जुनी ठिकरी पहाऱ्याची चाल त्यानें कायद्याच्या चौकटींत आणिली. चिठ्ठींत श्रीमंताचें नांव निघालें तर त्यानेंही काठी घ्यावी, हा त्या चालीचा गुण. आमच्याकडे पाळी ठरते तेव्हां वाड्यावाला गडी पाठवितो आणि वस्तीवरला स्वतः येतो, हें सर्वांस ठाऊक आहे.

तेव्हां न्यून कायद्याचें नसून ठरावाचें आहे. आणि ठरावावांचून चाललेली राखण किती घातक होते याचीं दोन उदाहरणें या दहा वर्षांतलींच आहेत. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच माणसांस मुलें पळविणारे म्हणून जमावानें ठार मारिलें. ग्रामपंचायतीच्याच खोलींत नेऊन मारिलें. जेथें गांवानें ठराव लिहावयाचे त्या खोलींत! १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक असे तिघे जीवास मुकले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोरांच्या अफवांनीं भागांतील लोक रात्रीं पहारा देत होते. पहारा देणाऱ्या हातांनींच खून पडले. या दोन्ही ठिकाणीं काठ्या होत्या, माणसें होतीं, जागरण होतें; नव्हता तो एक नायक, ज्याचें नांव ठाण्यावर नोंदलेलें आहे आणि ज्यास सकाळीं जाब विचारतां येईल. राखणदाराला मारण्याचा हक्क नाहीं. डोळ्यांदेखत दखलपात्र व बिनजामिनी गुन्हा करणाऱ्यास कोणाही नागरिकानें धरावें, पण सहा तासांच्या आंत पोलिसांच्या हवालीं करावें, असें जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंत स्पष्ट आहे. हें वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक चावडीवर टांगावें.

म्हणून आमची सूचना अशी कीं राखण ही हौशी टोळीकडे न सोंपवितां नेमलेल्या माणसांकडे द्यावी. गांवांत तशीं माणसें मिळतात. त्यांची निवड जात पाहून होऊं नये, हें वरील इतिहासानंतर निराळें सांगावयास नको. त्यांस ठरलेला पगार पंचायतीच्या खात्यांतून मिळावा, विमा उतरावा, त्यांचीं नांवें व पाळ्या ठाण्यांत आणि पाटलाकडे नोंदवाव्या. पट्टी डोक्यागणती बसवूं नये. हैडिया वेरो डोक्यागणती होता, आणि त्याचा अन्याय तेथेंच होता. सावकाराचे व मजुराचे सात आणे सारखे नसतात. घरपट्टीच्या प्रमाणांत राखणपट्टी बसवावी, म्हणजे ज्याचें राखावयाचें अधिक त्यानें अधिक द्यावें. आणि ज्याच्याकडून कांहींच घेतां येत नाहीं त्याच्या झोपडीवरूनही पहारा फिरला पाहिजे. कांहीं गांवांनीं व पेठांनीं वर्गणी करून सीसीटीव्ही कॅमेरे बसविले आहेत. बसवावे, पण कॅमेरा चोरी झाल्यावर साक्ष देतो, होत असतांना हांक मारीत नाहीं, आणि तो बहुधा वर्गणी देणाऱ्याच्याच दुकानाकडे तोंड करून असतो.

हाच न्याय शहरच्या पेठेस. प्रत्येक दुकानदारानें गुरख्याच्या हातावर वेगवेगळे पैसे ठेवण्याची चाल मोडून व्यापारी संघानें त्यास आपला नोकर म्हणून नेमावें. पेठेच्या मागील गल्लींत, जेथें हमाल, भाजीवाल्या व फेरीवाले राहतात, तेथें त्याची शिटी ऐकूं येते कीं नाहीं हें संघाच्या चिटणिसानें महिन्यांतून एकदां स्वतः जाऊन पाहावें. ज्या गल्लींतून वर्गणी येत नाहीं त्या गल्लींतील अंधारांतूनच चोर पेठेंत शिरतो, हा व्यवहारही ध्यानांत घेण्यासारखा आहे. राहिला पैशाचा प्रश्न. दिवाळींतील रोषणाईस संघ जेवढा खर्च करितात त्याच्या बाजूस गुरख्याचें वर्षाचें वेतन मांडून पाहावें आणि मग खर्च झेपत नाहीं म्हणावें. येत्या पाडव्यास नव्या वह्या उघडतील तेव्हां त्यांत राखणीचें एक खातें असावें, त्यांत त्या माणसाचें पूर्ण नांव व गांव असावें, आणि दिलेल्या रकमेपुढें त्याची सही असावी. रोजकीर्द कशी लिहावी हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको.